मोडून जुळलेलं हाड

बाबा, रायपूरहून तुमच्या पूर्णिमाचा जय भीम.

आई म्हणे, प्लास्टर निघालं तरी तुम्ही पाय टेकवत नाही. काहून?

मीही इथं प्लास्टरच काढून राहिली. बेडकाच्या दूरच्या नात्यातल्या एका जनावराचा सांगाडा आहे, चोवीस कोटी वर्षांपूर्वीचा. हाडं फुटू नयेत म्हणून खोदतानाच प्लास्टरमध्ये गुंडाळली होती. नुसतं डोकंच आईच्या शिलाई मशीनच्या टेबलाएवढं!

काल मांडीचं हाड मोकळं केलं, अन् मले त्यावर गाठ दिसली. जिवंतपणीच मोडलं होतं, बाबा, अन् जुळलंही होतं! किती वेळ मी त्या गाठीवर बोट ठेवून बसली.

त्याच्याजवळ कोणी नव्हतं, तरी ते पुन्हा चाललं.

माझी सुट्टी अजून मंजूर नाही. पण मी येईन तेव्हा दार तुम्हीच उघडा.

तुमची पोट्टी,
पूर्णिमा