एका पानात न मावणारा विषय

४ मार्च, रविवार
पंचवीस तारखेला बाबांना मोठ्या काकांकडे न्यायचं आहे. सत्तावीसला काका कायमचे परदेशी, लेकीकडे चालले. काका एक्क्याऐंशी, बाबा शहात्तर. ही शेवटची भेट, हे घरात कोणी बोलत नाही, पण बाबांनी शर्ट आजच इस्त्री करून ठेवलाय. जाऊन-येऊन तीनशे किलोमीटर. गाडी बाबांचीच, जुनी. सर्व्हिसिंग हवं. बायको म्हणाली, नेहमीच्या मेकॅनिककडे टाक. मी म्हटलं, यंदा मी स्वतः करणार, बाबा नाही का करायचे? ती काही बोलली नाही. पाठिंबा आहे.

६ मार्च, मंगळवार
इंजिन ऑइलचा अभ्यास. सिंथेटिक की सेमी? पातळ की दाट? चौदा व्हिडिओ पाहिले. चौदा माणसं, पंधरा मतं. डोकं ठणकतंय. बाबा म्हणाले, डॅशबोर्डच्या कप्प्यात गाडीचं पुस्तक आहे, त्यात सगळं एका पानावर दिलंय. बाबांच्या काळी चालत असेल. हा विषय एका पानात मावणारा नाही.

९ मार्च, शुक्रवार
कूलंट लाल की हिरवं, यात ऑफिसमधलं जेवण गार झालं. ब्रेक फ्लुइडचं मात्र पटकन ठरवलं. डॉट थ्री आणि डॉट फोर असतं. फोर घ्यायचं. आकडा मोठा.

११ मार्च, रविवार
स्पेअर पार्ट्सचं दुकान. दुकानदाराने विचारलं, मॉडेल कोणत्या वर्षाचं? आठवेना. घरी फोन केला नाही, बाबांना उगाच कशाला त्रास. एअर फिल्टर दोन साइजचे घेतले. एक तरी बसेलच.

१२ मार्च, सोमवार
दोन्ही बसले नाहीत. जुनाच झटकून लावला. जुन्या मालाची बात वेगळी.

१५ मार्च, गुरुवार
थकलोय. खऱ्या कामाला अजून हात लावलेला नाही, तरी थकलोय. विचार करणाऱ्याचे हाल कोणाला दिसत नाहीत.
बाबांच्या गाडीने कधी दगा दिला नाही. काकांकडे दर उन्हाळ्यात गाडीनेच जायचो. फक्त एकदा, मी आठ वर्षांचा असताना, बसने गेलो. पहिली गाडी होती, घेऊन वर्षही झालं नव्हतं, तरी बसने. बसची खिडकी मोठी असते, तुला मजा येईल, असं बाबा म्हणाले होते. मुलासाठी एवढं कोण करतं?

१८ मार्च, रविवार. सकाळ
आज करायचंच. बाबा खुर्ची घेऊन गॅलरीत बसलेत. खाली येऊ का, म्हणून दोनदा विचारलं. मी नको म्हटलं.

त्याच दिवशी, दुपार
झालं! गाडीखाली दोन बोल्ट दिसले. जो सहज हाताला आला तो सोडला. ऑइल मधासारखं निघालं, जरा उग्र वासाचं. म्हणजे जुनं अजून चांगलंच होतं, मेकॅनिक लोक उगाच बदलायला लावतात. ऑइल फिल्टर हलेना, तो पुढच्या वेळी. वरून चार लिटर नवं ओतलं. ऑइलची पातळी बघायची पट्टी दुप्पट दाखवते. पट्टी खराब आहे. ब्रेकला हात लावला नाही. कुठे थांबायचं हे कळायला लागतं.

२० मार्च, मंगळवार
गिअर टाकताना दळण दळल्यासारखा आवाज. मागून धूर. नवं ऑइल रुळतंय.

२२ मार्च, गुरुवार
गाडी चौकात बंद पडली. नेहमीच्या मेकॅनिकने ढकलत नेली. मी पाच मिनिटं मल्टिग्रेड ऑइलबद्दल बोललो. त्याने ऐकून घेतलं, मग गाडीखाली गेला. बाहेर येऊन म्हणाला, साहेब, तुम्ही गिअरबॉक्सचं ऑइल काढलंत आणि नवं इंजिनमध्ये भरलंत. गिअरबॉक्स कोरडा, इंजिन तुडुंब. आठ दिवस लागतील.
मग त्याने कप्प्यातलं पुस्तक काढलं. ते पान दुमडलेलंच होतं. गाडीच्या पोटाचं चित्र, त्यावर बाबांच्या अक्षरात दोन बाण. एकापुढे ‘इंजिन’. दुसऱ्यापुढे ‘हा नव्हे’, खाली दोन रेघा.

२३ मार्च, शुक्रवार
बायकोने टॅक्सीचं विचारलं. बाबांना टॅक्सीत एसीच्या वासाने मळमळतं. बसच ठरली. बाबांना कारण सांगितलेलं नाही.

२५ मार्च, रविवार. परतीच्या बसमध्ये
भेट झाली. दोघं बोलले थोडं, बसून राहिले जास्त. शेवटची बस पाचची. साडेचारला मी म्हटलं, निघू या. काकांनी बाबांचा हात धरला होता, तो सोडेनात. मीच सोडवला. गाडी असती तर अजून दोन तास बसता आलं असतं. हे माझ्यामुळे झालं. दुसऱ्या कशामुळे नाही.
बाबा खिडकीशी बसलेत, इस्त्रीच्या शर्टात. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, बाबा, बसच बरी, खिडकी मोठी असते.
बाबांनी खिडकीची काच सरकवली.
“हो,” ते म्हणाले. “मीही तुला तेव्हा हेच सांगितलं होतं.”
मी विचारलं, “तेव्हा गाडीला काय झालं होतं?”
“गिअरबॉक्स.”