आईच्या माहेरचा गडी

मोडनिंब, ता. २१ एप्रिल १९२९

चि. पद्मजा हीस मामाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. लग्न ठरल्याचे तुझे कार्ड काल पोचले. तुझ्या मामीने ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतले.

कार्डात तू 'माझे खेडूत मामा' असे लिहिले आहेस. हरकत नाही, मी खेडूतच आहे. सोलापुरात मला काय काय म्हणतात ते तुला ठाऊक नसेल. वर्तमानपत्रात मी कृषीवल असतो, तुझ्या बाबांच्या कचेरीच्या ओसरीवर खेडवळ मंडळी, पेठेतल्या कापडवाल्याकडे गावंढळ, आणि टांग्याला आडवा गेलो की सरळ कुणबट. माणूस एकच, पागोटेही तेच. शब्दांना मी भीत नाही. कोण म्हणतो तेवढे पाहतो. तुला मांडीवर घेऊन मी पाटीवर अक्षरे गिरवून घेतली. तू म्हणशील ते मायेनेच म्हणशील.

तुला बघायला मंडळी आली त्या दिवशी मी शेंगांचे पोते खांद्यावर टाकूनच दारात आलो, म्हणून तुझी आई रुसली. शिवाय पाहुण्यांनी पुण्याचे अंतर चुकीचे सांगितले ते मी दुरुस्त केले, तेव्हा तर ती मला डोळ्यांनी दटावीत होती. चुकीचे ते चुकीचेच! लग्नात मात्र तोंड मिटून राहीन. मामाला तिथे बोलायचे नसतेच. भाचीला हाताला धरून बोहल्यावर न्यायचे आणि पाठीशी उभे राहायचे. आम्हाला मूल नाही. हे काम जन्मात एकदाच माझ्या वाट्याला येणार, म्हणून नवे लाल पागोटे घेतले आहे.

उन्हात फिरू नकोस. मामीला चार ओळी वेगळ्या लिही, ती वाट पाहते.

तुझा,
महिपतीमामा

सोलापूर, ता. ३० एप्रिल १९२९

तीर्थस्वरूप मामा यांचे चरणी पद्मजाचा सा. न. वि. वि.

आपले पत्र पोचले. लग्न १९ मे रोजी आहे. पुण्याची मंडळी सुधारक मताची आहेत, त्यामुळे विधी थोडक्यात आणि माणसेही मोजकीच. मामाने बोहल्यावर नेण्याची चालही ठेवायची नाही, असे बाबांनी ठरवले आहे. बाबांपुढे माझे काय चालणार?

शिवाय ऊन भयंकर आहे, आणि आपल्याला उन्हाने चक्कर येते असे मामी मागे म्हणाल्या होत्या. आपण त्रास घेऊ नये. आम्ही दोघे मागाहून पाया पडायला येऊच. रागावलात तर मला करमणार नाही.

मामींना नमस्कार. आजवर जशी माया केलीत तशीच पुढेही करावी.

आपली,
पद्मजा

सोलापूर, ता. २३ मे १९२९

तीर्थरूप दादास बजीचा दंडवत.

तुमी ह्यास्नी लिवलेलं पत्र मी वाचलं. कचेरीत बसून बसून मानूस नात्यावर बी शिक्के मारायला लागतो, असं लई तिखट लिवलंसा. ह्यांनी वाचलं आन् घडी घालून खिशात ठिवलं.

दादा, ह्यांचा दोष न्हाय. हे तर म्हनत हुते की मामाशिवाय पोर हुबी ऱ्हानार न्हाय. लेकीनंच हट्ट धरला. बघायला आल्यावर सासूनं तिला बाजूला घिऊन इचारलं, की शेंगांचं पोतं घिऊन आलेला त्यो गावंढळ कोन? ही म्हनाली, आईच्या माहेरचा गडी हाय, लई वर्सांचा, जरा आगाव बोलतो. एकदा गडी म्हनल्यावर त्योच मामा म्हनून कसा हुबा करायचा? मग शेजारचे कमलाकर वकील मामा झाले. त्यांनी तिचा हात धरला तवा मला बघवंना, मी चुलीपाशी जाऊन बसले. चाल काय मोडली न्हाय दादा, फकस्त मानूस बदलला.

मला लिवायला तुमीच शिकवलंसा, आता तुमालाच खोटं कसं लिवू? येत्या रविवारी पोरगी आन् जावई मोटारीनं पुन्याला निघत्यात. मोडनिंबच्या फाट्यावर मोटार पान्यासाठी थांबती. पोरगी रडत म्हनाली, की मामा तितं दिसले तर मी ह्यांना खरं सांगून टाकीन. सांगंल असं वाटतं मला. तुमी फाट्यावर जावा. येवडं बहिनीचं आईका.

वैनीला माझा नमस्कार. बहिनीला अंतर देऊ नका.

तुमची,
बजी

मोडनिंब, ता. २७ मे १९२९

सौ. पद्मजाबाई यांस महिपतीचा रामराम.

काल दुपारी तुमची मोटार फाट्यावर थांबली. मी नवे पागोटे बांधून, पाण्याची घागर घेऊन उभा होतो. जावईबापू खाली उतरले. त्यांनी मला लगेच ओळखले आणि तुमच्याकडे वळून म्हणाले, की अगं, हा तर तुमचा गडी! माणूस मोठा गोड आहे. एवढ्या उन्हात कशाला उभा राहिलास असे मला विचारले, शेंगा फार चवीच्या होत्या हेही सांगितले. मग लग्नातले दोन लाडू कागदात बांधून माझ्या हातावर ठेवले.

मी तुमच्याकडे पाहिले. तुम्ही पदर पुढे ओढून रस्त्यापलीकडची बाभळ पाहत होता. ड्रायव्हरने सावकाश मोटारीत पाणी घातले, तोंड धुतले, विडी ओढली. तेवढ्या वेळात 'मामा' एवढे सहज म्हणून झाले असते.

जावईबापूंनी गावंढळ म्हटले असते, कुणबट म्हटले असते, तर मी तिथल्या तिथे त्यांना उत्तर दिले असते. मला ते येते. पण ते गडी म्हणाले, तेही आपुलकीने. त्यांच्याकडे माझे नाव तेवढेच आहे, आणि ते त्यांना तुम्ही दिले. आजवर असले शब्द रस्त्यावर ऐकले आणि वहाणांबरोबर दाराबाहेर काढून ठेवले. हा घरातून आला. तो कुठे काढून ठेवायचा, ते मला अजून कळलेले नाही.

लाडू घरी दिले. पोर काय म्हणाली, असे तुमच्या मामीने चार वेळा विचारले. तुम्ही मोटारीतून उतरून माझ्या पाया पडलात, असे मी तिला सांगितले आहे. तिला पत्र लिहाल तेव्हा हे ध्यानात ठेवावे.

तुमच्या वडिलांवर, गंगाधररावांवर, मी विनाकारण आग पाखडली, त्यांची माफी मागणारे पत्र आजच्या टपालाने वेगळे टाकले आहे. तुमचा शब्द मी खोटा पाडणार नाही. पुढेही इथे मोटार थांबली तर पाणी आणून देईन.

एक मात्र सांगतो. गड्याने मालकिणीला आशीर्वाद लिहिण्याची रीत नाही. म्हणून या पत्रात तो लिहिलेला नाही.

महिपती