पुसण्याबद्दल बाद

प्रिय धाकट्या बंधूस, थोरल्याकडून अनेक आशीर्वाद.

आम्ही सर्व येथे खुशाल असून, माझ्यावर मात्र या वयात लबाडीचा ठपका आला आहे. ती हकीकत तिखटमीठ लागून तुझ्या कानी जाण्यापूर्वी मीच कळवतो.

आपल्या नातीने पेंटबॉलचा संघ काढला आहे. (बंदुकीतून एकमेकांवर रंगाच्या गोळ्या झाडणे, यास हल्ली स्पर्धा म्हणतात. आपण दोघांनी जन्मभर रंगकाम केले, पण एवढा रंग वाया गेलेला पाहिला नाही.) संघास पाच माणसे लागतात. पाचवा, म्हणजे कोपऱ्यावरचा औषधवाला, सरावातच पाय मुरगळून बसला, तेव्हा नात म्हणाली, “आजोबा, तुम्ही नुसते आडोशामागे बसा. बाकी आम्ही बघतो.” मी इस्त्रीचा सदरा घालून बसलो.

आता नियम ऐक. ज्याच्या अंगावर गोळी फुटेल त्याने हात वर करून बाहेर जावे. तो रंग पुसणे ही या खेळातील चोरी होय. नियम मला तोंडपाठ होता. परंतु छातीवर गोळी फुटून ओघळ खाली निघाला, आणि मागच्या खिशातील फडके केव्हा हातात आले ते मला कळले नाही. (ओला ओघळ पाहून जो गप्प राहील, तो रंगाऱ्याचा हात नव्हे.) पंचाने मला तर काढलेच, वर शिक्षा म्हणून नातजावयासही काढले. दुसऱ्या सामन्यात मी सुरक्षित होतो. पण नातजावई माझ्या पुढ्यातच वाकलेला, त्याच्या पाठीवर गोळी फुटली, आणि मी ती पाठ स्वच्छ करून दिली. नातीने फडके जप्त केले. तिसऱ्या सामन्यात मी बाही वापरली.

प्रतिपक्षातील एक दाढीवाला सर्वांदेखत म्हणाला, “म्हातारा पक्का लबाड आहे.” ज्याने आयुष्यात कोठे डाग मागे ठेवला नाही, त्यास हे ऐकावे लागले. आणखी एकदा पुसले तर संपूर्ण संघ स्पर्धेबाहेर, असे पंचांनी बजावले आहे. नात जेवताना माझ्या हातांकडे पाहते. रविवारी शेवटचा सामना आहे.

तूर्त एवढेच. लहानांस आशीर्वाद सांगावेत.

तुझा थोरला बंधू

ता. क. दवाखान्याच्या जिन्यात तू सोडलेले ओघळ अजून जसेच्या तसे आहेत. परवाच पाहून आलो. जन्मभर मी तुझ्यामागून फडके घेऊन फिरलो, परंतु ओघळासमोर स्वस्थपणे चहा पिणारा तुझ्यासारखा माणूस दुसरा भेटला नाही. तेव्हा शनिवारी निघून ये. माझ्या जागी तू खेळावयाचे आहेस. मी कुंपणाबाहेर हात मागे बांधून उभा राहीन.

दुसरा ता. क. आरंभी तुझ्या गुडघ्याची चौकशी केली होती. तीवर शाईचा थेंब पडला, तो पुसताना ओळही गेली. गुडघा कसा आहे? दुखत असला तरी ये. नुसते आडोशामागे बसावयाचे असते.