सात कपडे आणि एकही बटण नाही

चि. सौ. बेबीस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझा गुडघा कसा आहे? जिना चढू नकोस असं बजावलं होतं, म्हणजे चढत असशीलच. माझी तब्येत ठणठणीत आहे. ती तशीच राहावी असं वाटत असेल तर येत्या रविवारी येऊन आपल्या लेकीला घेऊन जा.

कारण सविस्तर लिहिते. तुझी लेक माझ्या जेवणाच्या टेबलावर बसून व्हिडिओ गेमसाठी बायका काढते. (चित्रं. तू लगेच घाबरतेस.) सध्याची बाई तिरंदाज आहे आणि बर्फात राहते. ही पसंत पडली तर पोरीची नोकरी पक्की, नाहीतर तीन महिन्यांची उमेदवारी संपून ती तुझ्याकडे परत. म्हणून मी चष्मा पुसून नीट बघितलं. बाईच्या अंगात सदरा, बंडी, कातडी जाकीट, चिलखत, दोन शाली आणि वर पायघोळ झगा. मी एवढंच विचारलं, की ही यात शिरली कुठून? तर म्हणाली, "मावशी, तिला कपडे काढायचे नसतात गं." गणवेशांच्या कारखान्यात एकतीस वर्षं कटिंग सांभाळलेल्या बाईला हे ऐकवतात. बटण नाही, नाडी नाही, आणि काखेत इतकं घट्ट की धनुष्य ताणलं तर बाणाच्या आधी बाही सुटेल. शाळेत शिवणाच्या सिस्टर काय सांगायच्या? कपडा अंगापासून बाहेर जातो, आधी आतला, मग वरचा. (तुला त्या उसवायला लावून वर्गाबाहेर उभं करायच्या. तुझ्या लेकीकडे पाहून त्यांची फार आठवण येते.)

मग मी तिच्याकडून सगळं चित्र पहिल्यापासून नव्याने काढून घेतलं. आधी नाडीचा लेंगा, मग खिसेवाली लोकरी बंडी, असं एकेक. कॉम्प्युटरवर प्रत्येक कपडा वेगळ्या लेयरवर असतो आणि त्याच्यासमोर एक डोळा असतो. डोळा मिटला की कपडा दिसेनासा होतो. बुधवारी पोर आंघोळीला गेली तेव्हा मी वरचे सगळे डोळे मिटून आतल्या शिवणी तपासल्या. बंडीची बटणं मोजली, समाधान झालं आणि भाजी बघायला उठले. डोळे उघडायचे राहिले. पोर केस पुसत आली, उशीर झाला होता, पडद्याकडे न बघता तिने चित्र पाठवून दिलं.

अशा रीतीने बर्फातली तिरंदाज बंडी-लेंग्यात कंपनीच्या बैठकीला हजर झाली.

साहेबांचा फोन आला. पोर पांढरीफटक, म्हणून फोन मी घेतला. त्यांना शांतपणे सांगितलं, की तुमच्या खेळातल्या बाकीच्या बायका मी पाहिल्या आहेत आणि त्या सगळ्या न्यूमोनियाने जाणार आहेत. साहेबांनी आधी मी कोण ते विचारलं. मग म्हणाले, "मॅडम, शुक्रवारी कळवतो."

तेव्हापासून तुझी लेक माझ्याशी बोलत नाही. बोलली ती एकदाच: "मावशी, माझ्या कॉम्प्युटरला हात लावायचा नाही." माझ्याच टेबलावर बसून. तेव्हा रविवारी ये. तिची बॅग मी स्वतः भरून ठेवीन, निदान त्यातले कपडे तरी नीट घड्या घातलेले असतील.

लोभ आहेच, या आठवड्यात जरा कमी.

तुझी,
ताई

ता. क. : पत्र पाकिटात घालताना साहेबांचा फोन आला. त्यांच्या खेळात थंडी वाढेल तसा एकेक कपडा चढवायचा असतो म्हणे, आणि आजवर कोणत्याच चित्रकाराच्या बाईचा कपडा सुटा होत नव्हता. नोकरी पक्की. तेव्हा रविवारचं तिकीट काढू नकोस. उगाच गुडघ्याला त्रास.

आणखी एक : माझी शाळेतली शिवणाची वही तू लग्नात नेलीस ती परत पाठव. पुढच्या बाईला नऊ कपडे आहेत आणि पोरीला काजं कुठे येतात तेही माहीत नाही.

शेवटचं : ती तुला फोन करून विचारेल, मावशी अजून रागावली आहे का. हो म्हण. मला मनवायला दोन दिवस सकाळचा चहा, न बोलता का होईना, तीच करते आहे.