खांद्याच्या कोपऱ्यातली चिठ्ठी

मंगळवार, १५ जानेवारी १९५७

आज सतरा एक्सरे. एकही फुकट गेला नाही! प्लेटी धुवायचं हायपो काल नवीन केलं होतं, प्लेटी आरशासारख्या निघाल्या. निगम साहेबांनी शेवटची उजेडाच्या पेटीवर लावली आणि म्हणाले, "बढ़िया।" डॉक्टरांच्या तोंडून हा शब्द महिन्यातून एकदा निघतो. मी मान हलवली, डार्करूममध्ये गेले आणि तिथे हसले. इथे लिहायला हरकत नाही.

गुरुवार, १७ जानेवारी

कांचन नावाची बाई आली. वय बावीस, तीन महिन्यांचं बाळ, तीन आठवडे खोकला. नवरा श्रीकृष्ण, इंजिनावर फायरमन — तो ड्यूटीवर. बरोबर सासू राधाबाई, मांडीवर नातू; आणि सासरे मार्तंडराव, निवृत्त गार्ड. पिढ्यान्‌पिढ्या झाशीत राहिलेलं मराठी घर. मराठी आपलीच, पण मध्येच "हमारे यहाँ तो" येतं.

मार्तंडराव दारातून हलेनात. हातात घड्याळ. "बाई, किती मिनिटं? वेळेवर सुटलं पाहिजे!" जणू मी त्यांची गाडी अडवली आहे. कांचनने गाउन घातला, पण वरून राधाबाईंची ओढणी, नाकापर्यंत. "सासऱ्यांसमोर डोकं उघडं नाही करायचं, बेटा. हमारे यहाँ नहीं चलता." ओढणी मलमलीची. मलमल प्लेटवर उमटत नाही, म्हणून चालवून घेतलं.

श्वास छान धरला तिने. एका फटक्यात झालं.

शुक्रवार, १८ जानेवारी

कांचनच्या उजव्या फुप्फुसाच्या टोकाला पट्टा. गळपट्टीच्या हाडाखाली, बोटभर रुंद. साहेबांनी दोनदा पाहिलं. टीबी. सॅनेटोरियमला तार केली. खाट पुढच्या शुक्रवारपासून. सहा महिने, कदाचित जास्त.

राधाबाईंनी व्हरांड्यातच बाळ कांचनच्या मांडीवरून उचललं. ओढलं नाही, उचललं. बाळ रडायला लागलं तशी कांचनची चोळी पुढून ओली झाली. मी प्लेटी मोजायला घेतल्या. प्लेट वाचणं माझं काम नाही. काढणं माझं काम.

रविवार, २० जानेवारी

सुटी. केस धुतले, अंगणात उन्हात दहा मिनिटांत वाळले. मानेपर्यंतच आहेत. सॅनेटोरियममध्ये पहिल्याच दिवशी कापले होते — सगळ्या बायकांचे कापत — आणि मग मीच वाढवले नाहीत. सोयीचं पडतं.

कांचनमुळे तिथलं आठवतंय. मी एकोणीस वर्षांची. माझ्याही टोकाला पट्टा. लग्न ठरलेलं, साड्यासुद्धा घेतलेल्या. भुसावळहून मुलाकडच्यांचं चार ओळींचं कार्ड आलं आणि संपलं. आईने ते कार्ड चुलीत घातलं. पण दीड महिन्यात माझी दुसरी प्लेट स्वच्छ निघाली! तिथले डॉक्टर इतरांना दाखवत — बघा, विश्रांतीने किती लवकर फरक पडतो. तरी आठ महिने ठेवलंच. त्या आठ महिन्यांत तिथल्या टेक्निशियनच्या हाताखाली एक्सरेचं मशीन शिकले. पुढचं सगळं त्यातून आलं. तक्रार नाही.

संध्याकाळी मानिक चौकातून पेशंटच्या केसांसाठी पिनांचा नवा पुडा आणला. आईसाठी पेरू. इथले पेरू या दिवसांत फार गोड!

मंगळवार, २२ जानेवारी

कांचनची थुंकी तीन वेळा तपासली. काही नाही. साहेब म्हणतात, सुरुवातीला असंच होतं. लवकर सापडलं हे नशीब. माझ्याही थुंकीत कधी काही सापडलं नव्हतं. मलाही नशीबवानच म्हणाले होते.

बुधवार, २३ जानेवारी

नीट लिहायचं, क्रमाने.

अकरा वाजता श्रीकृष्ण आणि कांचन सॅनेटोरियमचं पत्र न्यायला आले. तो खिडकीपाशी रांगेत. ती माझ्या बाकावर. म्हणाली, "ताई, तिकडे बाळाला काचेतून तरी दाखवतात का?" मी खरं ते सांगितलं — लहान मुलांना आवारात घेत नाहीत. "शेळीचं दूध चमच्याने पाजतात. सगळं ओकतो," एवढंच बोलली. मग पिशवी उचलायला वाकली आणि ओढणी सरकली.

वेणी! मनगटाएवढी, तेलाने चोपडलेली, उजव्या खांद्यावरून पुढे.

"वेणी नेहमी अशी पुढे असते?"

"नाही हो. मागे असते. आता बाळ नाही ना ओढायला..." आणि मग, "त्या दिवशी मात्र तुम्हीच म्हणालात, नाड्या बांधायच्यात, वेणी पुढे घ्या."

म्हणाले होते. सगळ्यांनाच म्हणते. गाउनच्या नाड्या मागून बांधते आणि मग वेणी वर गुंडाळून पिना लावते. त्या दिवशी डोक्यावर ओढणी, दारात मार्तंडराव. पिना लावल्याच नाहीत. मलमल उमटत नाही. तेल लावलेली घट्ट वेणी उमटते.

तिला सांगण्याआधी खात्री हवी होती. पाकिटातून तिची गुरुवारची प्लेट काढली. नावाची चिठ्ठी आम्ही उजव्या खांद्याच्या वरच्या कोपऱ्यात चिकटवतो — फुप्फुस झाकू नये म्हणून. मी शिकले तिथेही तसंच. ओलं फडकं ठेवून चिठ्ठी सोडवली. पट्टा हाडापाशी थांबत नव्हता. हाड ओलांडून मानेच्या बाजूने वर, कानाच्या दिशेने. फुप्फुस कानापर्यंत जात नाही.

साहेब बबीन्याला गेलेले. उद्या सकाळी. परवा तिची गाडी!

गुरुवार, २४ जानेवारी

साडेआठला साहेबांच्या दारात उभी. "सर, ती फिल्म मी बिघडवली." पाठ केलेलं वाक्य होतं.

"आपने?" चष्मा काढला. मग बरंच बोलले. एक बाई घरातून उठवली जात होती, त्यांची सहीसुद्धा झाली, वगैरे. सगळं बरोबर होतं. शेवटी त्यांनी प्लेट पेटीवर लावली, चिठ्ठीच्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले आणि हळू म्हणाले, "देखना तो मुझे भी चाहिए था।" मग मोठ्याने, "बुलवाइए।"

बारा वाजता सगळे आले. मार्तंडराव पुन्हा दारात, पुन्हा घड्याळ. मी म्हटलं, "मार्तंडराव, गार्डाची जागा शेवटच्या डब्यात. तुम्ही फाटकाबाहेर चहाच्या ठेल्यावर थांबा. हिरवा कंदील मी दाखवीन." राधाबाई तोंडाला पदर लावून हसल्या. ते गेले! दार लावलं. ओढणी काढली, वेणी वर गुंडाळली, सहा पिना लावल्या. माझे हात स्थिर होते.

प्लेट ओलीच साहेबांना नेली. दोन्ही टोकं स्वच्छ.

"साफ़ है," साहेब म्हणाले. खोकला चुलीच्या धुराचा आणि सर्दीचा. औषध लिहून दिलं. सॅनेटोरियमला नवी तार.

राधाबाईंनी बाळ परत दिलं तेव्हा त्याने आधी आईकडे बघितलं नाही, वेणी धरली. मी कांचनला सांगितलं, चूक माझी होती. ती म्हणाली, "ताई, आधी याला पाजू द्या." पाजताना मात्र माझ्याकडे बघितलं नाही. तो तिचा हक्क.

शनिवार, २६ जानेवारी

झेंडावंदनानंतर साहेबांनी नियम लिहून डार्करूमच्या दारावर लावायला सांगितला. मराठीत मी केला: चिठ्ठी खाली, केस वर. हिंदीत त्यांनी. अक्षर माझं बरं आहे.

राधाबाईंनी डबाभर तिळाच्या वड्या पाठवल्या. एका वडीला बाळाच्या जावळाचा केस चिकटलेला! काढून खाल्ल्या. आईला दोन दिल्या.

आठवडा वाईट म्हणता येणार नाही.

सोमवार, २८ जानेवारी

कामावर जायच्या आधी ट्रंकेच्या तळातून माझी प्लेट काढली. एकोणपन्नासची. कोपऱ्यात चिठ्ठी — कु. वसुंधरा, वय १९. ओलं फडकं ठेवलं, पाच मिनिटं थांबले, सोडवली. खिडकीशी धरली.

आईने आतून विचारलं, "एवढं काय बघतेस गं?"

म्हटलं, "माझे केस. किती लांब होते, विसरलेच होते!"