बसून लावायची कडी

माय, तुला मी कधी काही लिहिलं नाही. तिसरीत शाळा सुटली माझी, अन् तुला तर अक्षर ओळखीचं नव्हतं. आता तू जाऊन वीस वर्षं झाली, तरी बगीच्याच्या हजेरीवहीतलं मागचं पान फाडून लिहून राहिले. तळ्याकाठी सरकारनं बगीचा केला आहे, तिथली झाडलोट माझ्याकडे. संडास-बाथरूम पण माझ्याचकडे. नाक मुरडू नको. ऐक.

तुझे पाय लहानपणीच वाळलेले. घरात तू दोन्ही हातांत चपला घालून सरकत चालायचीस. बाहेर जायचं म्हणजे माझ्या पाठीवर. अन् जायच्या आदल्या संध्याकाळपासून पाणी बंद. मी तांब्या पुढं केला की म्हणायचीस, "तहान न्हाई मला." मला खरंच वाटायचं की तुला तहान कमीच लागते. मी बारा-तेरा वर्षांची असेन, अपंगाच्या दाखल्यासाठी आपण हिंगोलीच्या दवाखान्यात गेलो होतो. दिवसभर ओळीत बसलो. परतताना कनेरगाव नाक्याला उतरलो, गावाकडची जीप येईना. तू माझ्या कानात हळूच सांगितलंस. ढाब्यावर माणसं जेवत बसलेली. मी तुला पाठीवर घेऊन उभी राहते अन् मोठ्यानं म्हणते, "ओ मामा, माझ्या मायला लघवीला जायचंय, हिला पाय न्हाईत, जागा हाय का कुठं?" सगळ्यांचे घास हातातच राहिले. पाठीमागून तू माझा कान असा पिळलास की अजून आठवतो. "माझ्या लघवीची दवंडी देती का गं?" म्हणालीस. ढाब्यावाला चांगला होता, मागची जागा दाखवून राहिला. तू गेली नाहीस. घरापर्यंत तशीच.

म्हणून बगीच्यात दिव्यांगांसाठी संडास बांधायला लागले तेव्हा मी मिस्तरीच्या डोक्यावर बसले. चाकाची खुर्ची चढावी असा उतार त्यानं बराबर केला, धरायला आडवा पाइप लावला, पण दाराची आतली कडी लावली त्याच्या खांद्याएवढ्या उंचीवर. मी म्हटलं खाली घे. तो म्हणे, "मावशी, कडी काय लेकरांना खेळायला लावायची का?" मी प्लास्टिकची खुर्ची आत ठेवली. "बस हिच्यावर. आता बूड न उचलता लाव कडी." बसला, हात वर केला, पुरला नाही. उठून स्क्रू काढायला लागला.

एवढं करून मी काय केलं माहीत आहे? बाहेरून कुलूप घातलं. लोक घाण करतील म्हणून. चावी माझ्या कमरेला, ज्याला लागेल त्यानं मागावी. साहेब आले की फरशी पाहून खुश. चकचकीत राहणारच, वापरत कोण होतं?

मग एका रविवारी एक म्हातारी आली, चाकाच्या खुर्चीत, सून ढकलून राहिली होती. मी जरा पलीकडे, तळ्याच्या काठावर झाडून राहिले होते. सून संडासाच्या कुलपापाशी थांबून ओरडली, "खाला, चाबी लाओ, अम्मी को बाथरूम जाना है!" झाडाखाली डबे खात बसलेल्यांनी माना वळवल्या. अन् म्हातारीनं पदर तोंडावर ओढला. "रहने दे," म्हणाली, "घर चल."

माय, माझा कान दुखला.

मी झाडू टाकून पळाले. फाटकापाशी गाठलं त्यांना. "फिरा मागं," म्हटलं, "मी काय चावी दाखवायला पळत आले का?" सून म्हणे, "अम्मी नहीं मानती." मी म्हटलं, "तू चूप. मी अम्मीशी बोलून राहिले." म्हातारीला हसू आलं. आली मागं. दारात तिनं सुनेला बाहेरच थांबवलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला. मग किती वेळ काहीच नाही. सून घाबरली, मी तिचा हात धरून ठेवला. म्हातारी बाहेर आली ती पदर खांद्यावर टाकून. कडीकडे बोट दाखवून मला म्हणाली, "कुंडी मैंने खुद लगाई." तेवढंच. मग सुनेकडे पाणी मागितलं अन् बाटली अर्धी केली.

त्याच दिवशी कुलूप काढलं. साहेब म्हणाले, "काहून काढलं? घाण होईल." म्हटलं, "होईल. मी धुईन. कामच हाय माझं." घाण होते, खोटं काहून बोलू. कधी दिवसातून तीनदा धुते. पण आता हे लिहिता लिहिता एक कुबडीवाला बाप्या आत गेला, मला न विचारता, माझ्याकडे न बघता. मला फार बरं वाटलं.

हा कागद टाकायचा कुठं? राहू दे वहीतच. एक सांगायचं राहिलं. नाक्यावर मी ओरडले ते लहान होते म्हणून, कळलं नाही म्हणून, असं मी सगळ्यांना सांगत आले. कळत होतं, माय. तुला दिवसभर वाहून माझी पाठ मोडली होती, अन् ते चार लोकांनी बघावं म्हणूनच मी मोठ्यानं बोलले.