त्रिकोणाला तीन बाजू असतात

प्रिय रेडिओ,

लहानपणी तुझं तोंड घटकाभर मिटत नसे, म्हणून आईने ठेवलेलं हे नाव. पुढे तेच तोंड तुझा धंदा झालं. टूथपेस्टपासून विम्यापर्यंत कशालाही तू आवाज देतोस, आणि आता स्वतःच्या मुलीलाही गिऱ्हाईक समजायला लागला आहेस.

फळीवरचा तो बोलका डबा बघितला की माझं डोकं फिरतं. ठमीच्या बुद्धिविकासासाठी म्हणे तू त्यात स्वतःच्या आवाजात धडे भरून ठेवलेस. सकाळ झाली की डबा सुरू होतो: हा त्रिकोण आहे, त्रिकोणाला तीन बाजू असतात. विमा विकतोस तोच गोड आवाज. ठमी तेव्हा स्वतःच्या पायाचा अंगठा चघळत असते, आणि ती आणि डबा यांत जास्त शहाणं कोण हे मला विचारू नकोस. चित्रांचा तक्ताही तू इतका उंच लावलास की तो फक्त तुलाच दिसतो.

परवा मी तिला बटाटा दिला. तिने तो चाटला, आपटला, तो घरंगळत गेला तशी रांगत त्याच्या मागे गेली. कपड्यांच्या घड्या घालताना मी टॉवेलआड लपले, तर हसून हसून तिला उचकी लागली. तू चहाला खोलीतून बाहेर आला होतास. बघितलंस, आणि यातून नेमकं काय साध्य होतं असं मला विचारलंस. एवढी अक्कल बघून मी पुढचा टॉवेल घडीला घेतला.

आई लोकांचे कपडे शिवायची आणि तू, ठमीएवढा, मशीनशेजारी चादरीवर पडलेला असायचास. ती तुला सांगायची, हे बटण, ही बाही, या बाईला कॉलर मोठी हवी. तू ऊं केलंस की ती मशीन थांबवायची. तुझं म्हणणं पूर्ण ऐकून घ्यायची आणि मगच पुढे बोलायची. तुझा रेडिओ झाला तो असा. तुझा डबा कुणासाठी थांबत नाही. ठमी ऊं करते, तोवर तो चौकोनावर पोचलेला असतो.

कालचं तर मला पचत नाही. तू दारात उकिडवा बसून तिला हाक मारलीस. तिचा चेहरा फुलला आणि ती भराभर रांगत आली. तू हात पसरलेस. ती तुझ्या गुडघ्याशेजारून सरळ पुढे गेली, फळीखाली बसली आणि मान वर करून डब्याशी बोलू लागली. तू टाळ्या वाजवल्यास, मुलगी आवाज ओळखते म्हणून मित्रांना फोन करून टिमकी वाजवलीस. आवाज ओळखते ती, गाढवा. तो कुणाचा आहे हे तिला माहीत नाही. मला रडू आलं, आणि तुझी कीव करायचाही कंटाळा आला.

उद्या मी माझ्या घरी जाते आहे. तुझी बायको पहाटेच्या पाळीला जाणार, म्हणजे दिवसभर ठमी तुझ्याकडे. डबा आहे की, ताई, तू काळजी करू नकोस, असं तू मला वर तोंड करून सांगितलंस, म्हणून हे पत्र. एकाच घरात राहून लिहावं लागतंय, कारण तुझ्या खोलीवर रेकॉर्डिंगचा लाल दिवा असतो, कानांवर हेडफोन असतात आणि दार वाजवायची बंदी आहे. ते दाराखालून सरकवते आहे. डब्याची वायर मी काढून माझ्या बॅगेत टाकली आहे, शोधत बसू नकोस. अंघोळीचं पाणी काढलंय आणि ठमी माझ्याशेजारी मग्गा बडवत बसली आहे. बाहेर ये. तिच्या पाठीवर पाणी घाल आणि तोंडाला येईल ते बोल, त्रिकोणाचं बोललास तरी चालेल. मग गप्प बस आणि थांब. उत्तर द्यायला तिला जरा वेळ लागतो.

तुझीच,
दाराच्या या बाजूला ओल्या हातांनी बसलेली ताई